भिकाजीची आई

घशात मिरचीची धुरी गेल्यासारखं झालं होतं, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं, आणि सासूबाईंचा हात माझ्या हातात नव्हता. चिंचपोकळीच्या पुलाच्या अलीकडे, भर दुपारी. समोरून मोर्चातली माणसं पळत येत होती, त्यांच्या मागून पोलिसांच्या काठ्या वाजत होत्या आणि अश्रुधूर जमिनीलगत सरकत होता. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार हातांवरचं माणूस त्यांना नुसतं सावलीसारखं दिसायचं. मी एका बंद दुकानाच्या फळ्यांना पाठ लावून उभी राहिले. माणसांचा लोट निघून गेला. रस्त्यावर चपला पडल्या होत्या, एक टोपी पडली होती. सासूबाई कुठेच नव्हत्या.

हात सुटला की मी सोडला, हे मला आजही सांगता येत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. धक्का आठवतो, धूर आठवतो, मधलं एवढंच आठवत नाही. आणि ते आठवणं मला फार जरुरीचं होतं, कारण तासाभरापूर्वी महालक्ष्मीच्या देवळात ओटी भरताना मी मनातल्या मनात देवीला म्हटलं होतं, “मला या बाईपासून सोडव.”

खोटं लिहून उपयोग नाही. सासूबाईंवर माझी माया नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आमचे मालक लालबागला गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत वीस जणांबरोबर राहून गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करायचे. मी कोकणात, त्यांच्या आईपाशी. एकट्याची खोली घेतो, दोघी इकडे या, असं ते दोनदा म्हणाले. सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं टाकून मी येणार कशी? वर्षातून एक महिना नवरा दिसायचा. तो महिना गणपतीत आणि शेतीच्या कामात जायचा.

त्या वर्षी सासूबाईंनीच हट्ट धरला, डोळे पुरते जायच्या आत मुंबई बघायची. चार दिवसांसाठी आम्ही आलो आणि मालक जेवायचे त्या खानावळवाल्या बाईंच्या खोलीत उतरलो. पहिल्या दिवशी मालकांनी राणीची बाग दाखवली. पिंजऱ्यासमोर सासूबाईंनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, “वाघाचो वास इलो. वाघ बघून झालो. चला पुढे.” दुसऱ्या दिवशी अपोलो बंदरावरच्या त्या मोठ्या कमानीला त्यांनी दोन्ही तळवे लावून दगड तपासला, गिरगावच्या चौपाटीवर वाळूत बसल्या आणि लेकाला विचारलं, “ह्योच समुद्र आपल्या दारात आसा. हय कित्याक इलंव?” इथे आलो कशाला, हे ऐकून मालक हसले. मला हसू आलं नाही. मी अख्खी मुंबई त्यांच्या कलाने पाहत होते. त्या थांबतील तिथे थांबायचं, त्या निघाल्या की निघायचं.

तिसऱ्या दिवशी मालकांना कामावर जाणं भाग होतं. शहरात संयुक्त महाराष्ट्राची गडबड चालू होती. आज हरताळ, उद्या मोर्चा. ते सांगून गेले, खोलीबाहेर पडू नका. सासूबाई म्हणाल्या, मुंबईत येऊन महालक्ष्मीची ओटी न भरता गेले तर गावात तोंड कसं दाखवू. खानावळवाल्या बाईंनी वाट सांगितली, पूल ओलांडायचा, सातरस्ता, मग विचारत जायचं. आम्ही चालत गेलो, ओटी भरली, मी ते मागणं मागितलं, आणि प्रसादाचा नारळ सासूबाईंच्या ओच्यात बांधून परत निघालो.

म्हणून त्या फळ्यांपाशी उभी असताना मला रडू आलं नाही. मी घाबरले, आणि वेगळ्याच गोष्टीला घाबरले. देवीनं ऐकलं होतं. इतक्या लवकर आणि अशा तऱ्हेनं ऐकलं होतं. मग आता “परत दे” म्हणायचं कोणत्या तोंडानं? एकदा हात जोडले आणि तसेच खाली घेतले. ज्या देवीकडे तासापूर्वी एक मागितलं, तिच्याकडे आता त्याच्या उलट मागायचं, हे मला जमेना. त्यात छातीत कुठेतरी हलकंही वाटत होतं. तेही लिहिते. ते क्षणभरच होतं, पण होतं.

मग मी शोधायला लागले. “आई, आई” अशा हाका मारत त्या गल्ल्यांतून फिरले. एका चाळीखालून दोनदा गेले. कोणी लक्ष देईना. नुसतं ‘आई’ म्हटल्यावर मुंबईत कोणाची आई हे कसं कळावं? एका दुकानदारानं फळी किलकिली करून विचारलं, “म्हातारीचं नाव काय?” सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. “बरं, तुझ्या नवऱ्याचं नाव?” मी म्हटलं, “ते लालबागला असतात.”

“लालबागला लाखभर असतात, बाई. त्यातला तुझा कोणता?”

त्याने फळी लावून घेतली. नऊ वर्षांत उखाण्याखेरीज ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नव्हतं. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. एक म्हातारी हरवली होती, दुसरं माणूस धोक्यात घालायचं का, असा हिशेब मी त्या रस्त्यावर उभी राहून करत होते. आज वेडेपणा वाटतो. तेव्हा नव्हता वाटत.

किती वेळ गेला कोण जाणे. पुलाकडून पुन्हा घोषणा ऐकू यायला लागल्या. म्हणजे पुन्हा लोट येणार, आणि ती आंधळी बाई कुठेतरी रस्त्याच्या मधोमध असणार. मला विचार सुचेना, देवी सुचेना. तोंड उघडलं आणि आवाज बाहेर आला, “भिकाजीची आई! भिकाजीची आई कुणी बघितली का?”

ज्या चाळीखालून मी दोनदा गेले होते तिच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई आली. “काय नाव म्हणालीस? परत बोल.”

मला पुन्हा बोलावं लागलं. “भिकाजी. साचेखात्यातला.”

“मग ये वर. त्याची आई माझ्या शेगडीपुढं बसलीय. मघापासून त्याच्याच नावाचा जप चाललाय.”

सासूबाई खरंच शेगडीपाशी बसल्या होत्या. गुडघा फुटला होता, त्यावर हळद दाबलेली होती, हातात पाण्याचा पेला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांची. गावाकडे या लोकांच्या वस्तीवरून आलेला वारासुद्धा सासूबाई अंगावर घेत नसत. मी तसबिरीकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं. त्या बाईंनी माझी नजर बरोबर ओळखली. “ती मला विचारत बसली नाही, आणि मीही तिला विचारत बसले नाही. लोट आला, म्हातारी गटाराच्या कडेला पडलेली, मी उचलून आणली.”

मी हात जोडून म्हटलं, “महालक्ष्मीच तुमच्या रूपानं आली.”

“अगं बये,” ती म्हणाली, “जिना मी चढवला, कंबर माझी दुखतेय, आणि नमस्कार देवीला? आम्ही देवीबिवी सोडल्या सगळ्या.”

सासूबाईंनी ओच्यातला नारळ काढून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, “प्रसाद म्हणून घेणार नाही. नारळ म्हणून घेते. आमटीत लागतो.” सासूबाई म्हणाल्या, “नारळच तो.”

रस्ता शांत झाल्यावर ती आम्हाला पुलापलीकडे सोडून गेली. वाटेत सासूबाई माझ्या खांद्यावर भार देऊन चालत होत्या. खोली जवळ आल्यावर म्हणाल्या, “पाणी बरा होता. गावात कोणाक सांगा नको.” हात कसा सुटला, हे त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्या दिवसाचा अर्थ मला अजून नीट लागत नाही. देवीनं माझं मागणं ऐकलं असेल तर म्हातारी परत का दिली? ऐकलं नसेल तर तिला नेलं कोणी? आणि जिनं वाचवली ती म्हणते, देवीचा काही संबंध नाही. तिला मी खोटं कशी म्हणू? पुष्कळ देवळं पाहिली, कीर्तनं ऐकली, कोणी हे उलगडून सांगितलं नाही. मला एवढंच उमगलं की काय मागावं हे मला कळत नाही. तेव्हापासून देवीपुढे उभी राहिले की मागत नाही. आज हे असं असं आहे, एवढं सांगते आणि पुढचं तिच्यावर सोडून घरी येते. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, तरी हात जोडताना ती आधी डोळ्यांसमोर येते. तिला ते आवडलं नसतं, पण माझा इलाज नाही.

त्या दिवशी मालक संध्याकाळी धडधाकट परत आले. पुढे पुष्कळ वर्षं जगले. सासूबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, माझ्यापाशीच, कोकणात.