रेवाचे बसकर

पिंजलेल्या कापसाला वास असतो, हे खानदेशात येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. सरकीच्या तेलकट, किंचित तुरट वासापेक्षा तो निराळा. उन्हात वाळलेल्या धोतराच्या घडीत नाक खुपसावे तसा कोरडा आणि उबदार. माघातल्या दुपारी गोमाईच्या पात्रावरून वारा सुटला, की तो वास गावभर हिंडत हिंडत शाळेच्या पश्चिमेच्या खिडकीतून आत येई, आणि तिरप्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे बारीक तंतू खाली उतरायचे विसरून तरंगत राहत. आज इतक्या वर्षांनी कुठे गादीवाल्याच्या दुकानावरून जाताना तो वास आला, की माझी पावले आपोआप मंदावतात. कानही उगाचच काही ऐकू येते का, म्हणून टवकारतात.

माझे यजमान त्या वेळी शहाद्याजवळच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते. मी घाटावरची, गाण्याच्या घरातली. लग्नात माझ्याबरोबर आलेली पेटी बैलगाडीतून उतरताना पाहून गावातल्या बायकांनी तिच्यात मोठे डबोले असेल असा अंदाज केला होता, आणि आत नुसता भाता निघाल्यावर त्यांची जी निराशा झाली तिची थट्टा यजमान पुढे पुष्कळ दिवस करीत. आमच्या घरात पेटी होती, पुस्तके होती, तुळस होती, मूल नव्हते. एक झाले होते, मुलगा. पाळण्यात असतानाच गेला. त्याचे नाव आम्ही दोघेही घरात उच्चारीत नसू, आणि उच्चारीत नाही हेही कधी बोलून दाखवीत नसू.

लोकल बोर्डाच्या शाळेत तेव्हा वाचन, लेखन आणि हिशेब एवढेच शिकवीत. गाणे, चित्रे, लेझीम हे सारे बोर्डाच्या मते चैनीचे. म्हणून गावातल्या काही उत्साही माणसांनी 'पसा मंडळ' काढले होते. रीत साधी होती. ज्या घरातले मूल शाळेच्याच खोलीत भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाला येई, त्या घरच्या बाईने रोज सकाळी जात्यावर बसताना त्या मुलाच्या नावाने पसाभर दादर ज्वारी बाजूला काढायची. आठवड्याची ज्वारी मुलागणिक वेगळ्या पुरचुंडीत बांधायची, आणि शनिवारी मंडळाची माणसे झोळी घेऊन आली की त्यांच्या स्वाधीन करायची. त्या धान्यातून रंगाच्या वड्या आल्या, लेझिमी आल्या, माझ्या पेटीचा फुटका भाता दुरुस्त झाला. मी तिथे गाणे शिकवीत असे; त्याचे मला वेतन नव्हते, कुणालाच नव्हते. मंडळाने मुलांची नावे मुद्दामच कुठे लिहून ठेवली नव्हती, कारण शाळेच्या पटावर नसलेली पोरे, घरी भावंडे सांभाळणाऱ्या मुली, डोंगरातून मजुरीला आलेल्यांची लेकरे, सगळ्यांनाच आत बसता यावे अशी इच्छा होती. पुरचुंडी आली म्हणजे मूल आहे, एवढा विश्वास पुरे होता.

आणि प्रत्येक पुरचुंडीमागे एक बसकर असे. ते शिवण्याचे काम रहीमचाचांनी स्वतःहून अंगावर घेतले होते. ते गावचे पिंजारी. सरकी काढायच्या जिनातला टाकाऊ कापूस पिंजून, गोणपाटात भरून लहान लहान बसकरे शिवीत. पहिल्यांदा पुरचुंडी देणाऱ्या घरी ते दारातूनच विचारत, "पोर केवढं शे?" आतून बाई हात पुढे करून जमिनीपासूनची उंची दाखवी, आणि त्या उंचीकडे पाहून चाचा बसकराचा आकार ठरवीत. मोजपट्टी त्यांनी कधी हाती धरली नाही.

वर्गात पहिल्या ओळीत, खिडकीच्या उजेडात, मणी बसे. तापीकाठच्या गुजर कुटुंबातली ही आठ-नऊ वर्षांची मुलगी, सावळी, मितभाषी. तिची आई जमनाबाई शेतीवाडी स्वतः पाहणारी. मणीच्या डाव्या हाताला एक बसकर नेहमी रिकामे असे. दाटीवाटी झाली तरी त्यावर कुणी सरकत नसे, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. एकदा मी सहज विचारले, "मणी, इथे कोण बसते?"

"मन्ही मोठी बहीन, रेवा."

"मग आज का नाही आली?"

मणीने माझ्याकडे पाहिले, शेजारी पाहिले, आणि मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "ऊनी ना, बाई." ऊनी म्हणजे आली, एवढी अहिराणी मला तोवर कळू लागली होती. आजूबाजूची एकही मुलगी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सांगितले, की रेवा तापाने गेली त्याला काही वर्षे झाली. मंडळ निघाले त्याच्याही आधी. मग बसकर कसे आले? जमनाबाई पहिल्या शनिवारपासून दोन पुरचुंड्या देत होती, आणि झोळीवाल्यांनी, चाचांनी, आम्ही कुणीच काही विचारले नव्हते, कारण न विचारणे हाच आमचा नियम. चूक म्हणावी तर आमचीच होती, आणि ती फार चांगल्या हेतूने झालेली. मी तिकडे दुर्लक्ष करायचे ठरवले. परंतु ठरवून केलेले दुर्लक्ष हे एक प्रकारचे पाहणेच असते, हे मला त्या महिन्यात कळले.

कारण मग मला तो सूर ऐकू येऊ लागला. मुले एकसुरात म्हणत, पत्र्याचे छप्पर त्यांचा आवाज घुमवून परत खाली देई, आणि ओळ संपताना सगळे थांबले की षड्जाची एक अगदी बारीक रेघ मागे राही. इतरांहून क्षणभर उशिरा ती विरून जाई. छपराचा नाद असेल, असे मी मनाला सांगितले. एके दिवशी मी मुद्दाम ओळीच्या अर्ध्यातच हात वर केला. मुले थांबली. तो सूर मात्र थांबला नाही. न चुकता, न घाबरता, त्याने ओळ शेवटपर्यंत नेली आणि मग तो मिटला. उन्हाच्या पट्ट्यात तंतू तरंगत होते. मुले माझ्याकडे पाहत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर नवल नव्हते. पेटीवरचे हात मी पदराखाली घेतले.

होळीच्या सुमारास चाचा सगळी बसकरे घरी नेत. वर्षभर बसून कापसाच्या गाठी होतात, ते उसवून, पुन्हा पिंजून भरावे लागते. त्या वर्षी त्यांच्या पिंजणाचा धुम्म धुम्म आवाज दुपारभर चालला होता आणि मधेच बंद पडला. संध्याकाळी ते मंडळाच्या बैठकीत आले, एक बसकर हातात घेऊन. ते त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"बाई, हाई रेवानं. हिना कापूस पाहा. सगळा दबी गया. कोनी बसावाचून कापूस असा दबत नही."

कुणी म्हणाले, शाळेच्या वेळेत एखादे पोर बसत असेल. कुणी म्हणाले, उंदीर. चाचांनी नुसता हात त्या खोलगट भागावर ठेवला आणि पटकन उचलला.

एवढे गावाला पुरे होते. आठवड्याभरात निम्मी मुले येईनाशी झाली. घरोघरच्या पुरचुंड्या आटल्या. डोंगरातून भगत आणवावा असे एक जण म्हणाला. हेडमास्तर भित्रे नव्हते, पण ही बोलवा वर बोर्डापर्यंत गेली तर खोली काढून घेतील, ही भीती खरीच होती. त्यांनी स्पष्ट सांगितले, की ते बसकर आणि ती पुरचुंडी येत्या शनिवारच्या आत बंद झाली तर वर्ग राहील, नाही तर पेटी घरी न्यावी लागेल. जमनाबाईला हे सांगायचे काम माझ्याकडे आले, मी बाई म्हणून. खरे सांगायचे तर मला ते हवेच होते. त्या सुरापासून मला सुटका हवी होती, आणि वर्गही हवा होता. माझ्या त्या शांत, फार शांत घरात संध्याकाळ घालवण्याची कल्पना मला सोसवत नव्हती.

मी सकाळीच गेले. जमनाबाई जात्यावर होती. माझे सगळे ऐकेपर्यंत तिने खुंटा सोडला नाही, फक्त जाते थांबले.

"बाई, सकाळे आठे बठस ना, पयला पसा मनीना काढस, दुसरा रेवाना," ती म्हणाली. "हात आपोआप जास. तो हात मी कसा थांबाडू?"

ती खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "तुम्हले तिना भेव वाटस का? मन्ही पोर शे ती. कोनले काय करी? आते तर मोठी व्हयनी व्हई. गया साल मीच चाचाले सांगं, तिनं बसकर जराखं मोठं करा."

मेलेल्या मुलीचे बसकर तिने वाढवून घेतले होते, आणि चाचांनी ते वाढवून दिले होते, एकही प्रश्न न करता. तरीही मी निरोप पुरा केला, की असे राहिले तर वर्ग बंद पडेल, मणीचाही. जमनाबाईने जात्याच्या पाळूवर सांडलेले पीठ हाताने एका बाजूला गोळा केले. मग म्हणाली, "मीच लई जास."

ती त्याच दिवशी भर दुपारी शाळेत आली. कुणाकडे न पाहता ते बसकर तिने उचलले. काखोटीला मारून नेता आले असते, पण तिने ते दोन्ही हातांवर आडवे घेतले, निजलेले मूल उचलावे तसे, एक टोक खांद्याशी टेकवून. आणि गावाच्या मधल्या गल्लीतून, एकेका दारावरून, चालत गेली. मी शाळेच्या पायरीवरून पाहत होते. दारादारांत बायका उभ्या होत्या. एका दारातल्या म्हातारीने ती समोरून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जसा प्रेतयात्रा जाताना ओढतात. त्या संध्याकाळी वर्गात सूर वेळेवर संपला. इतका वेळेवर, की मला ते सहन होईना.

शनिवारी झोळी घेऊन गेलेली माणसे गोंधळून परत आली. जमनाबाईकडून एकच पुरचुंडी आली होती. पण दुसऱ्या घरांतून एकेक जास्तीची आली होती, कुठे दोन. ज्या घरातले मूल वर्गाला येणे बंद झाले होते, तिथूनही. हेडमास्तरांच्या घरून आली, तेव्हा ते चष्मा पुसत बाहेर निघून गेले. रहीमचाचा उठले आणि नेहमीसारखे दारोदार गेले. दारातूनच विचारले, "पोर केवढं शे?" आणि आतून, अंधारातून, एकेक हात पुढे येऊन हवेत थांबत गेला. शेवटी ते जमनाबाईच्या दारी गेले. तिथे मात्र काही न विचारता त्यांनी रेवाचे बसकर परत मागून घेतले.

खोली कुणी काढून घेतली नाही. मुले परतली. भिंतीलगत, दोन ओळींच्या मधे, दारापाशी, रिकामी बसकरे अशी पसरली की मला पेटीपर्यंत जाताना पाय जपून टाकावा लागे. आम्ही गायला लागलो. ओळ संपली, मुले थांबली, आणि मागे जे राहिले ते आता एक रेघ नव्हते. नदीपलीकडच्या शेतातून गाणे ऐकू यावे तसे, पुष्कळांचे, लांबचे. मला भीती वाटली नाही असे मी म्हणणार नाही. पण भीतीच्या तळाशी दुसरेच काहीतरी होते, आणि ते ओळखल्यावर मला माझीच लाज वाटली. मला हेवा वाटत होता. त्या सुरांत माझे कुणीच नव्हते.

आमच्या घरातून मंडळाला कधी पसा गेला नव्हता; द्यायला मूल कुठे होते! पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि मूठभर दाणे बाजूला काढून ठेवले. दुसऱ्या दिवशीही ठेवले. यजमानांनी पाहिले. शुक्रवारी त्यांनी माझ्यापुढे एक स्वच्छ धुतलेला हातरुमाल आणून ठेवला, दवाखान्यातून घरी येताच.

रविवारी उन्हे कलती होत असताना रहीमचाचा आमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या दाढीत कापसाचे तंतू अडकलेले होते आणि तो कोरडा, उबदार वास ओटीभर पसरला. त्यांनी नजर खाली ठेवली होती.

"पोर केवढं शे, बाई?"

तो तर पाळण्यातला. मी दोन्ही तळवे समोर धरून वीतभर अंतर दाखवणार होते. मनाशी तसे ठरवलेही होते. पण माझा हात माझे न ऐकता एकटाच पुढे झाला, खाली गेला, आणि जमिनीपासून वर येत येत माझ्या कमरेशी स्थिर झाला, एखाद्या उभ्या राहिलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

चाचांनी त्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे एकदा नीट पाहिले, मान हलवली, आणि ते गोणपाट बेतायला निघून गेले. मी हात तसाच ठेवून कितीतरी वेळ दारात उभी होते.