तांबड्या रेघेपर्यंत पाणी

बातमी आली तेव्हा माझ्या हातात तांब्या होता. "आत्या गेली गो आई," माझा मुलगा विनय हॉस्पिटलातून फोनवर म्हणाला आणि मी "बरं" म्हटलं. बरं कसलं... पण तोंडातून तेच आलं. मग फोन मेजावर ठेवला आणि हातातलं पाणी आधी टाकीत ओतलं, काचेवरच्या तांबड्या रेघेपर्यंत, हळूहळू, तिने शिकवलं होतं तसं. मगच बसले. कोणाला वाटेल, काय बाई आहे, नणंद गेली आणि ही माशांना पाणी घालतेय! पण पाणी रेघेच्या खाली गेलेलं प्रेमाला खपलं नसतं. मरणाच्या दिवशीसुद्धा नाही.

प्रेमा माझी एकुलती एक नणंद. मी लग्न होऊन धारगळला आले तेव्हा ती वास्कोला जहाजांच्या एका कचेरीत टायपिस्ट होती. सोमवारी पहाटेच्या बसने जायची, शनिवारी संध्याकाळी परत. त्या कचेरीत दर्शनी भागात समुद्री माशांची काचेची टाकी होती. साहेब बदलला, नव्याला ती नको झाली, तो म्हणाला फेकून द्या. प्रेमाने ती तीन फुटांची टाकी गोधडीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन तीन बसगाड्या बदलत घरी आणली. शेवटच्या बसमधला कंडक्टर म्हणाला, "बाय, ह्या कोणाचां तिकीट?" ही म्हणाली, "तो दर्या आसा. अजून भरूंक नाय, म्हणान फुकट येता." अख्खी बस हसली म्हणे. हे तिनेच सांगितलेलं, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालावं.

दर्या मग तिने भरला. मोरजीच्या समुद्राचं पाणी, तळाला रेती, ओहोटीला हरमलच्या खडकांतून आणलेले शेवाळलेले दगड. त्या दगडांवर हिरवट-जांभळी फुलं होती, फुलं म्हणजे जीवच ते, स्पर्श झाला की मूठ मिटल्यासारखी मिटायची. आणि पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे. आमच्या गावात मासळी कापायची, हुमण म्हणजे कालवण करायचं, खारवायची, एवढंच ठाऊक. पाळायची? सासूबाई म्हणाल्या, "मासळी रांदणीर बरी, दिवाणखान्यात काय करतली?" शेजारीण रोज जनेलातून, खिडकीतून, हाक मारायची, "प्रेमा, हुमणाचां वाटप तयार आसा गो, कधी काढतंस?" प्रेमा आतून ओरडायची, "आधी तुझो घोव काढ भायर, मग माझे मासे!"

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय प्रेमा कळायची नाही. शनिवार ते सोमवार टाकी तिची, मधले दिवस माझे. वैशाखातलं ऊन, पाणी आटत चाललेलं. मी आगरवाड्याची, मिठागरातली मुलगी, मला कोण शिकवणार? समुद्राचं पाणी कमी झालं म्हणजे खारट पाणी घालायला हवं, अगदी सरळ. विहिरीच्या पाण्यात माहेरच्या मिठाच्या मुठी घातल्या, ढवळलं, ओतलं. रोज. शनिवारी ती आली तेव्हा दोन मासे उलटे तरंगत होते आणि फुलं सगळी आवळलेली. मला वाटलं, आता ही माझं काय करते... ती टाकीसमोर बसली, बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि वळून म्हणाली, "वयनी, तुझ्या बापायच्या आगरात पाणी आटता तेव्हा मीठ खंय जाता गो?"

मीठ कुठे जाणार? मीठ राहतं. तेवढ्यासाठी तर माझ्या बापाने उभा जन्म उन्हात काढला. पाणी तेवढं उडतं, म्हणून घालायचं ते साधं, गोडं. लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं, आणि काचेआड आल्यावर ओळखलं नाही. ती रागावली नाही. नखांना लावायचा तांबडा रंग आणला आणि काचेवर आडवी रेघ ओढली. "हंयसर मेरेन. गोडा पाणी. बस." नखांना रंग लावण्यावरून सासूबाईंनी तिला खूप बोल लावले होते. "बघ आई, कामाक आयलो," ती म्हणाली.

पावसाळ्याच्या आधी आमच्याकडे पुरुमेंत करतात, पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, मीठ. प्रेमा त्यात समुद्र भरून ठेवायची! एकदा नद्यांना लाल पाणी आलं की मोरजीचं पाणी गढूळ होतं, खार उतरतो, माशांच्या कामाचं राहत नाही. म्हणून मे महिन्यात भरतीच्या वेळी टेम्पो घेऊन जायचं, कमरेएवढ्या पाण्यात शिरून कॅन भरायचे. होडीवाले हसायचे, "दर्या उसनो व्हरतंस? परत हाडून दी!" ते पाणी पिंपांत, काळ्या फडक्याखाली, आमच्या सुक्या बांगड्यांच्या शेजारी.

आणि त्याच दिवसांत टाकीची मोठी सफाई. मासे त्यांच्याच पाण्यासकट बालदीत, दगड त्याच पाण्यात मोठ्या टोपात. जुनं पाणी अर्धं वेगळं राखायचं, टाकायचं नाही. रेती धुवायची तीही खाऱ्या पाण्यात, हाताने खालवर करून, काळा गाळ निघेपर्यंत. काच नारळाच्या सोडणाने घासायची, साबणाचा थेंब नाही. मग रेती, त्यावर दगड, अर्धं जुनं पाणी, अर्धं नवं. गढूळ निवळेपर्यंत हात बांधून बसायचं आणि शेवटी मासे. मला राहवायचं नाही. काच लख्ख आणि दगड असे घाणेरडे? एकदा मी काथ्या घेऊन दगडाला हात घातला, तर माझं मनगट धरलं तिने. "वयनी, ती घाण न्हय. त्या दगडार जीव आसा, तोच पाणी साफ करता. काच पूस, दगड पुसू नको." सगळं आयुष्य भांडी उजळवण्यात घालवलेल्या बाईला हे शिकायला वर्षं लागली.

डिचोलीहून एक स्थळ आलं होतं. खाणीवर ट्रक चालवणारं घराणं, माणसं वाईट नव्हती. मुलाच्या आईने घर पाहिलं, चहा घेतला आणि जाताना हसत म्हणाली, "ही पेटी मात्र हंयच ठेव हां." प्रेमाही हसत म्हणाली, "मग माका पण हंयच ठेवा." झालं! सासूबाई आठ दिवस जेवणावर रुसल्या. गाव म्हणालं, माशांपायी लग्न मोडलं. मी तिला एकटीला विचारलं. म्हणाली, "माशांपायी न्हय गो. आज पेटी ठेव म्हणतात, उद्या नोकरी पण हंयच ठेव म्हणतले, परवा तोंड." ते शेवटचं तिने कोणाजवळ ठेवलं नाही, हे तिला ओळखणारे सांगतील.

पुढे भाषेचं आंदोलन पेटलं. आमच्या घरात हे मराठीच्या बाजूचे, प्रेमा कोकणीच्या. दोघं भावंडं भांडायची मात्र एकाच बोलीत, तीच ती आमची पेडण्याची! शेवटी अबोला. आणि नेमकं त्याच आठवड्यात टाकीचा सांधा सुटला. सकाळी बघतो तर जमिनीवर समुद्र. मासे बालदीत, दगड टोपात, प्रेमाने सांधा भरला, पण नवं पाणी कुठून आणायचं? पिंपं रिकामी, रस्त्यांवर झाडं आडवी घातलेली, टेम्पोवाला नको म्हणतो. ती गेटपाशी उभी, रडायची नाही पण ओठ घट्ट. ह्यांनी काही न बोलता सायकल काढली, दोन बाजूंना दोन कॅन बांधले आणि गेले. वाटेत जमावाने अडवलं, "कोणाच्या बाजूचो तू?" हे म्हणाले, "माशांच्या." चिडलेली माणसंसुद्धा हसली आणि सायकल झाडावरून उचलून पलीकडे ठेवली. दुपारी घामाघूम होऊन आले, कॅन उंबऱ्यात ठेवले आणि मला म्हणाले, "सांग तिला, पाणी आलंय." ती चार हातांवर उभी. मला म्हणते, "सांग ताका, उशीर केलो." मी दोघांच्या मधे! पण टाकीत दगड त्या दिवशी दोघांनी मिळून मांडले. पुढे कोकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, भांडण काही मिटलं नाही, आणि हे जाईपर्यंत दर मे महिन्यात कॅन मात्र ह्यांनीच उचलले.

निवृत्त होऊन प्रेमा घरी आली तेव्हापासून टाकी पूर्णपणे तिची. या वर्षी ती दोन महिने हॉस्पिटलात होती आणि माझाही गुडघा धरलेला. मी रेघेपर्यंत पाणी घालत राहिले, पण तेवढ्याने होत नाही. काचेवर तपकिरी थर चढला, वास यायला लागला, फुलं आवळली ती उघडेनात. शेवटची भेटले तेव्हा तिने विचारलं, "फुलां कशी आसत?" मी म्हटलं, बरी आहेत. माझ्याकडे बघत राहिली... खोटं तिला नेहमीच कळायचं.

दिवसकार्याला जमलेल्यांपैकी प्रत्येकाला टाकीचं काहीतरी करायचं होतं. एकजण म्हणाला, दगड समुद्रात सोडा, पेटी भंगारात द्या. दुसरीने सुचवलं, खोली पर्यटकांना द्या, आता इकडे चांगली मागणी आहे. "सुतकात माशांना खायला घालतेस?" असंही एकीने विचारलं. मी म्हटलं, "मग त्यांनी काय उपास करायचा? त्यांची कोण गेली ते त्यांना विचारलंस?" विनयने मात्र जवळ बसून, मायेने सांगितलं, "आई, तुला झेपणार नाही. आत्याबरोबर तेही जाऊ दे." मायेने सांगितलेलंच जास्त लागतं. मी त्याला म्हटलं, "तिच्याबरोबर जायचं असतं तर ते तिच्या आधी गेलं असतं. उद्या मोरजीला जा आणि पाणी आण. पाऊस यायच्या आत."

चौदाव्या दिवशी मी पदर खोचला. मासे बालदीत, दगड टोपात. रेतीतून एवढा काळा गाळ निघाला की अंगण काळं झालं. गुडघा ओरडत होता, मी त्याला ओरडले. काच घासली. दगडांकडे बघून हात शिवशिवले, खोटं का बोलू, पण नाही पुसले. सोडण तांबड्या रेघेवरून गेलं आणि रेघेचा अर्धा भाग निघून आला. तिथे मात्र मी थांबले. मग नातीच्या खोलीतून नखांचा रंग आणला आणि रेघ जोडली. रंग गुलाबी निघाला. प्रेमाने नाक मुरडलं असतं. मुरडू दे.

दहा दिवस फुलं मिटलेलीच होती. येणारेजाणारे बघायचे आणि मान हलवायचे. अकराव्या सकाळी एक उघडलं, करंगळीएवढं. मग दुसरं. सगळी नाही अजून, एका बाजूचा दगड गेल्यातच जमा आहे, तेही लिहून ठेवते.

काल स्वयंपाकघरातून येताना बघते तर विनय टाकीसमोर. पाणी दोन बोटं उतरलेलं, त्याच्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्यात मिठाची बरणी. मी दारातूनच ओरडले, "ठेव ती बरणी!" तो दचकला. "अगं, खारं पाणी ना हे?" मी जवळ गेले, बरणी काढून घेतली आणि माझ्या नकळत तिच्याच आवाजात विचारलं, "पाणी आटता तेव्हा मीठ खंय जाता रे?"

त्याने टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तांब्या तिरका केला आणि ओतू लागला, हळूहळू, रेघेपर्यंत, अर्ध्या तांबड्या, अर्ध्या गुलाबी.