हिचं पोट आणि माझी पाठ

मी टप उघडणारी जुनी गाडी घेतली हे कळल्यावर डहाणूतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात जो यायचा तो आधी पोटभर हसायचा आणि मग डोळे तपासायला बसायचा. साठीला आलेला माणूस, डोक्यावर मोजके केस, आणि म्हणे वारा खात हिंडायची हौस! मी कुणाला खरं कारण सांगत बसलो नाही. खरं कारण असं की माझ्या बायकोला गाडी लागते.

लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. एसटी लागते, टॅक्सी लागते, भाच्याच्या नव्या कोऱ्या गाडीत दार लावून नुसती बसली तरी लागते. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी चघळून झाली, गोळ्या घेऊन झाल्या. गोळीने ती गाढ झोपायची आणि मग उठून उलटी करायची. आयुष्यात कुणापुढे माघार न घेतलेली ही बाई सीट कव्हरच्या वासापुढे हात टेकते, हे बघून मला खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटायचं.

तिचं माहेर सायवनचं. दर रविवारी मी तिला स्कूटरवर घेऊन जायचो, कारण स्कूटर तिला लागत नाही. म्हातारी आई तिथे हिच्या भावाकडे असते. तिला कानाने कमी ऐकू येतं, फोनवर ती फक्त ‘हां, हां’ करते, त्यामुळे मायलेकींचं जे काही बोलणं व्हायचं ते रविवारीच, समोरासमोर, एकमेकींच्या कानात ओरडून. मग माझ्या पाठीने असहकार पुकारला. दिवसभर वाकून चष्म्याच्या काड्या बसवणाऱ्या माणसाची पाठ ती, कधीतरी बोलणारच होती. डॉक्टरांनी दुचाकीवर बसायचं नाही म्हणून ठणकावलं.

त्यानंतर घरातले रविवार बघवेनात. ही तक्रार करत नव्हती, आणि तिने तक्रार न करणं म्हणजे काय हे तिच्याशी संसार केलेल्या माणसालाच कळेल. जायचं नाही हे माहीत असूनही ती रविवारी सकाळी न्हाऊन, केस विंचरून तयार व्हायची आणि मग कपाटं आवरायला घ्यायची. एकदा तर मी जेवत असताना तिने माझ्या हाताखालचं ताट घासायला नेलं. तेव्हा मी ठरवलं की चार चाकांची पण चारी बाजूंनी मोकळी अशी गाडी हवी, आणि ती आपल्या ऐपतीत, म्हणजे जुनीच हवी.

तलासरीला हायवेच्या कडेला जुन्या गाड्या विकणारा एक गुजराती शेठ आहे, त्याच्याकडे गेलो. तिथवर यायला हिने कसा त्रास काढला ते सांगत नाही. शेठने आधी बंद टपाच्या गाड्याच दाखवल्या. प्रत्येक गाडीत ही बसायची, दार लावून घ्यायची, डोळे मिटायची आणि चाक हलायच्या आत पदर तोंडाला लावून उतरायची. शेठला तो आपल्या मालाचा अपमान वाटू लागला.

“भाभी, हजी तो सेल पण मार्यो नथी!” तो कळवळून म्हणाला.

“मारू पण नका,” ही म्हणाली.

मग त्याने कोपऱ्यातली एक जीप पुढे काढली. कापडी टप, तो गुंडाळून मागे बांधायचा, मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाक. गाडी आधी लग्नाच्या वरातींना जायची, आरशाच्या दांडीला अजून झेंडूचा वाळका दोरा गुंडाळलेला होता. “आमां तो हवा ज हवा छे,” शेठ म्हणाला. ही पुढे बसली. मी हायवेच्या कडेकडेने एक चक्कर मारली. ती समोर बघत होती, चेहऱ्याचा रंग जागच्या जागी होता, आणि परत आल्यावर ती उतरेचना. व्यवहार तिथेच ठरला. घासाघीस करायची माझी संधी तिने उतरायला नकार देऊन घालवली.

पहिल्या रविवारी मी दुकानातला सगळ्यात ऐटबाज गॉगल लावला. हिने डोक्याला ओढणी बांधली. चिकूच्या वाड्या मागे पडेपर्यंत मी स्वतःवर फार खूश होतो. गंजाडच्या अलीकडे रस्त्यावर एक उंचवटा आला आणि माझ्या कमरेतून अशी कळ गेली की गॉगल नाकावर उतरला. त्या गाडीच्या खाली धक्के झेलायला पोलादी पाटे होते, ते दगडासारखे कडक. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात यायचा. चारोटीला हायवे ओलांडून कासा गाठेपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो आणि शेजारी ही चक्क गुणगुणत होती.

सायवनला म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. लेकीला बघून सूप खाली ठेवलं आणि तिच्या गालावरून हात फिरवत राहिली. मी खाटेवर आडवा पडून ते बघत होतो. एवढ्या दिवसांचं साचलेलं बोलणं दोघी ओरडून ओरडून उरकत होत्या, अर्धं गाव ऐकत होतं. त्यात म्हातारीने नेहमीचे प्रश्न विचारले. तुझ्या घरात पाणी कुठून येतं, दार कुठल्या तोंडाला. म्हातारीलाही गाडी लागते, लेकीने हा वारसा तिच्याकडूनच घेतलाय. लग्नानंतर एकदा लेकीचं घर बघायला म्हणून ती एसटीत बसली आणि चारोटीला उतरून पायी परत गेली. स्कूटरची तिला भीती. इतक्या वर्षांत तिने लेकीचं घर पाहिलेलं नाही.

परतीला निघताना मी मनात गाडी विकून टाकली होती. हिला कसं सांगावं एवढंच ठरत नव्हतं. तिच्या पोटाला गाडी मानवली होती आणि माझ्या पाठीला नाही, आणि दोघांपैकी एकाला गप्प बसावं लागणार होतं. घरातला रिवाज पाहता ते मलाच.

कासाच्या पुढे रस्त्याकडेला काही बायका बाजाराच्या गाठोड्यांसह उभ्या होत्या. बंद गाडीला कुणी हात करत नाही, पण उघडी गाडी बघितली की हात आपोआप वर जातो. हिने फर्मान सोडलं, “थांबा.”

“अगं, ही काय माणसं कोंबायची वडापची गाडी आहे?” मी कुरकुरलो. मला लोकांना गाडीत घ्यायला आवडत नाही, हे मी लपवत नाही. आपल्या गाडीत आपण दोघं, एवढीच माझी श्रीमंतीची कल्पना.

“बसा गं,” ही बायकांना म्हणाली. बायका चढल्या, गाठोडी चढली, एक कोंबडी चढली. गाडी मागून दबली. मी फुरंगटून निघालो, आणि बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की गंजाडचा तो उंचवटा मागे पडला तरी मी ओरडलो नाही. वजन आल्यावर ते पाटे मऊ झाले होते. गाडी पाळण्यासारखी चालली होती. बायका उतरल्या आणि पुढच्याच खड्ड्यात कळ परत आली. तेव्हा माझी खात्री पटली.

पुढच्या रविवारपासून मी माणसं शोधू लागलो. कुणी रस्त्याकडेला उभं दिसलं की मीच गाडी हळू करायचो.

“कुठे जायचंय?”

“तुम्ही कुठं चाललाय?”

“तुम्ही म्हणाल तिकडे. बसा आधी.”

लोक संशयाने बघायचे. एका म्हाताऱ्याला मी फारच आग्रह केला, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, मला कुठं जायाचं नाय. मी बकऱ्या राखतोय.” ही हसून हसून ओढणी तोंडात कोंबत होती. मग हळूहळू रस्त्याला आमची सवय झाली. रविवारी सकाळी मंडळी आमच्यासाठी थांबू लागली, गवताचे भारे आले, भाताच्या गोणी आल्या, आणि माझ्या श्रीमंतीची पुरती वाट लागली. माणसं आवडायला लागली असं मी म्हणणार नाही. पाठ दुखत नव्हती एवढंच म्हणेन.

अशाच एका रविवारी सायवनहून निघताना म्हातारी अंगणाच्या कडेला आली. गाडीत बसलेल्या माणसांकडे तिने बराच वेळ बघितलं. त्यातली निम्मी तिच्या ओळखीची. “ह्यांना लागत नाय?” तिने लेकीच्या कानाशी ओरडून विचारलं. मग चप्पल घालून आली आणि पुढच्या सीटवर लेकीला सरकवून तिच्या शेजारी बसली. पिशवीही घेतली नाही. रस्ताभर हिने आईचा हात घट्ट धरला होता आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चारोटी आली, मी गाडी हळू केली. म्हातारीने पुढे चला म्हणून हात हलवला.

घरी पोचल्यावर माझ्या बायकोचं भानच हरपलं. खुर्ची पुढे कर, मग ती नको म्हणून चटई टाक, पंखा लाव, बंद कर. आईला कुठे बसवू तेच तिला कळेना. म्हातारी काही बसली नाही. तिने विचारलं, “बाय, तू रांधतेस तवा कुठं उभी राहतेस?”

हिने ओटा दाखवला. म्हातारी तिथे जाऊन उभी राहिली. ओट्यावर दोन्ही हात ठेवले, नळ सोडून बंद केला, खिडकीतून बाहेर समोरच्या शेवग्याकडे बघितलं. मग लेकीकडे वळून म्हणाली, “एवढंच बघायचं होतं. आता मला तिकडं बसल्या बसल्या तू दिसशील.”

माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असलेली माझी बायको आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि कमी ऐकू येणाऱ्या त्या म्हातारीने ते रडणं बरोबर ऐकलं.