हिरवं म्हणजे पास

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. एकोणीस वर्षं तिचं काम एकच: उकडलेल्या ज्वारीच्या बाटल्यांत ट्रायकोडर्मा नावाची बुरशी वाढवायची. रोपांची मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ही विळखा घालते आणि खाऊन टाकते. बाटली पांढरी राहिली तर नापास, गर्द हिरवी झाली तर पास. एवढ्या शिक्षणावर तिचं बरं चाललं होतं.

धाकट्या भावाचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्याने घरातल्या मागच्या खोलीत अळंबी लावली. भुशाच्या दोनशे पिशव्या टांगल्या. ती खोली ताईची होती; ताई अंथरूण घेऊन स्वयंपाकघरात आली. कुरकुर केली नाही. भाऊ पुन्हा जेवताना बोलायला लागला होता.

एके दिवशी चार पिशव्यांवर काळपट डाग दिसले. भावाने तिला कामावर फोन केला.

"ताई, कुंड्यांसाठी तू तुमच्या बुरशीची पूड आणलीयेस ना, ती मारू का?"

"मार की."

"काही बिघडणार नाही ना?"

"अरे, वाईट बुरशीच खाते ती. माणसाला अपाय नाही, गुराला नाही, झाडाला नाही."

पाकिटावरचा मजकूर तिला तोंडपाठ होता. अळंबी या तिन्हींत बसत नाही, हे पाकिटावर छापलेलं नव्हतं.

भाऊ कामाला चोख. त्याने चारच नव्हे, दोनशेही पिशव्यांवर पूड मारली.

सहाव्या दिवशी त्याने तिला खोलीत नेलं. सगळ्या पिशव्या गर्द हिरव्या. इतकी एकसारखी वाढ तिने एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. क्षणभर, निव्वळ सवयीने, तिला बरं वाटलं.

"कसला रोग हो हा, ताई?" भावजयीने विचारलं.

"रोग नाही. आपली पूड आहे. अळंबीसुद्धा बुरशीच असते गं. त्या पुडीला चांगलं-वाईट कळत नाही."

भाऊ जमिनीवर बसला. "आणि तुला?"

पिशव्या लांब नेऊन पुरल्या. भिंतींना तीनदा चुना मारला. पूड घरात राहिली नव्हती, तरी नवी लावणीही हिरवी झाली. या खेपेला बुरशी कुठून आली, ते ताईनेच ओळखलं: तिच्या केसांतून, बाह्यांतून, रोज संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेजवळ भाड्याची खोली घेतली. थांब, असं कुणी म्हणालं नाही.

आता रविवारी ती फाटकाबाहेर उभी राहते. भावजय कठड्यावर डबा ठेवते आणि चार पावलं मागे सरते. आपण डोक्यावरून आंघोळ करून आलोय, हे ताई सांगत नाही.

"पांढरं आहे का रे?" ती विचारते.

"पांढरंच आहे," भाऊ आतूनच सांगतो.

मग ती डबा उचलते.