हातमोजे घालून निवडलेला रॉड

मासे गरवण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मी जाड हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवून उभी होते आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, मच्छी पकडायचीय की ऑपरेशन करायचंय?"

"तुम्ही फक्त रॉडच्या टोकाला टिचकी मारा," मी म्हटलं. "माझ्या हाताला कळली तर घेईन."

हातमोजे आमच्या मरोळच्या कारखान्यातले होते. मी तिथे ऑफिसात बसते, पण स्टोअरवाल्याकडून मागून आणले. कारण रॉड माझ्यासाठी नव्हताच, बाबांसाठी होता, आणि बाबांची बोटं बधिर झाली होती. त्यांच्या हाताला काय कळेल हे दुकानात उभं राहून ठरवायचं, तर माझाही हात तसाच करून बघणं भाग होतं.

बाबा मालवणकडचे. गिरणी चालू होती तोवर साच्यावर होते, ती बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं. पण रविवारी सकाळी गोराईच्या खाडीवर गरवायला जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. रॉड आणि रीळ त्यांच्या लेखी 'सायबाची थेरां'. त्यांचं सामान म्हणजे तंगूस, तोही एका फळकुटाला गुंडाळलेला. या नायलॉनच्या दोरीच्या टोकाला शिसं, गळ आणि गळाला कोळंबी. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बसायचं. माशाने कोळंबीला नुसतं तोंड लावलं तरी त्या बोटाला कळायचं.

मग साखरेने बोटांची जाण घालवली. कोळंबी खाऊन मासे सुखाने जाऊ लागले, पिशवी रिकामी परत येऊ लागली. एका रविवारी बाबा खाडीवर जायला उठलेच नाहीत. "बोटांक कळना नाय गो," एवढं म्हणाले आणि टीव्ही लावला. मग रविवार काय आणि सोमवार काय, टीव्ही चालूच. बातम्यांतल्या भांडणांकडे ते असे बघत बसायचे, की मला त्या टीव्हीच्या पेकाटात लाथ घालावीशी वाटायची. माणूस असा बसला की परत उठत नाही, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिलं होतं. बाबांना मी तसं बसू देणार नव्हते. त्यांना परत खाडीवर न्यायचं, हे मी ठरवून टाकलं. हट्टीपणा मला त्यांच्याकडूनच आलाय, त्यामुळे त्यांना तक्रारीला जागा नव्हती.

वाट मोबाइलवर सापडली. स्विमबेट म्हणजे रबराचा मासा. पोटात शिसं आणि गळ, मागे चपटी शेपटी. तो लांब फेकायचा आणि रीळ सावकाश फिरवत जवळ आणायचा. पाण्यात शेपटी हलते, तिची थडथड दोरीतून रॉडमध्ये येते आणि रॉडमधून मुठीत. बाबांची बोटं गेली होती, तळहात अजून शाबूत होता. मला तेवढं पुरे होतं.

आता सामान. व्हिडिओतली पोरं ज्याला 'बजेट सेटअप' म्हणत, त्यात आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. शिवाय सगळे सुरुवात करत रिळापासून, कारण ते चकाकतं. मी उलटीकडून निघाले. आधी रबरी मासा ठरवला, खाडीतल्या जिताडा माशाच्या तोंडाजोगा, तळहाताएवढा. त्याचं वजन फेकू शकेल तो रॉड. किती वजन फेकता येईल ते रॉडच्या बुडाशी लिहिलेलंच असतं, कोणी वाचत नाही एवढंच. आणि त्या रॉडला तोलेल ते रीळ. ही साखळी पक्की केल्यावर निम्मं दुकान आपोआप बाद झालं.

पहिला रॉड फायबरचा होता, स्वस्त आणि दणकट. टिचकी वाटेतच मेली. दुसऱ्यात झकास कळली, पण त्याची किंमत ऐकून मी तो परत ठेवला. तिसरा सात फुटी, कार्बन मिसळलेला, मागच्या मोसमातला म्हणून कोपऱ्यात धूळ खात होता. टिचकी आली. दोन हातमोज्यांतून थेट तळव्यात आली.

"आता मी डोळे मिटते. तुम्ही मारा किंवा मारू नका, मी सांगते."

दुकानदाराने मला फसवायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्हीदा पकडला गेला. मग त्यालाही मजा वाटायला लागली.

रिळाच्या बाबतीत तो बेअरिंगचे आकडे सांगत होता आणि मी फक्त फिरवायची मूठ बघत होते. चपट्या, नाजूक मुठी हातमोज्यातून निसटत होत्या. एका साध्या रिळाला लिंबाएवढी गोल मूठ होती, ते घेतलं. वाचवलेले सगळे पैसे दोरीत घातले. बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जिला सगळे ब्रेड म्हणतात. ती ताणली जात नाही, म्हणून शेपटीची थरथर जशीच्या तशी पोचते. यावर सगळ्या व्हिडिओंचं एकमत होतं. मी घरी आले ती लढाई जिंकल्यासारखी.

बाबांनी रॉड दुसऱ्याचं मूल धरावं तसा धरला. "ह्यो रबराचो मासो? तेका कोण खातलो?"

तरी रविवारी आले. रबरी मासा मी फेकला, त्यांनी रीळ फिरवायला घेतलं. चार-पाच वेढे झाले आणि त्यांचा हात थांबला. परत फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हलवता हा गो. शेपटी हलवता हा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते येऊ दिलं.

थोड्याच वेळात मासा लागला आणि काठी वाकली. अशा वेळी शहाण्या माणसाने रॉड उचलून धरायचा आणि रीळ सांभाळायचं. बाबांनी रिळाची मूठ सोडली, दोरीच पकडली, बोटाला दोन वेढे घेतले आणि जोर लावून ओढली. तंगुसाने गरवणारा माणूस लहानपणापासून हेच करत आलाय. मासा उलट्या दिशेला धावला, गळातून सुटला, गेला.

"मोठो होतो!" बाबा हसत होते. त्यांच्या सदऱ्यावर रक्त गळत होतं. ब्रेडने बोट खोलवर चिरलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी त्यांचाच हात वर धरून दाखवला तेव्हा त्यांचं हसू गेलं.

साखरेच्या माणसाची जखम लवकर भरत नाही. पट्ट्या, इंजेक्शनं, डॉक्टरांची बोलणी, सगळं झालं. आईने माझ्यासमोर हात जोडले, "आता पुरे." बाबा पुन्हा टीव्हीसमोर. या वेळी आवाजही बंद ठेवत.

जखम भरत होती तोवर मी त्यांना समजावून पाहिलं. "दोरीला हात लावायचा नाही बाबा, रिळानेच ओढायचं." त्यांनी मान डोलावली. ती मान मी चांगली ओळखते. अशीच डोलावून ते दुधात साखर घालून घेतात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सत्तरी ओलांडलेला हात बदलायला आयुष्य पुरणार नाही, दोरी बदलायला एक दुपार पुरेल.

मी पुन्हा त्याच दुकानात गेले आणि जाड तंगूस मागितला.

"मॅडम, लोक तंगूस सोडून ब्रेडवर येतात."

"आम्ही उलटे."

मला त्याचे तोटे ठाऊक होते. तंगूस ताणला जातो, थरथर थोडी खातो, लांब जात नाही. म्हणून रुंद शेपटीचे रबरी मासे घेतले, जास्त जोरात थडथडणारे. आणि लांब फेकायचंय कोणाला? मासे खारफुटीच्या मुळांशी, काठालाच दडलेले असतात. वर ब्रेडपेक्षा तंगूस कितीतरी स्वस्त.

आईने मात्र माझा शब्द घेतला नाही. तंगुसाचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं, स्वतःच्या हाताला दोन वेढे दिले आणि पदर खोचून ओढला. लाल वळ उठला, कातडी फाटली नाही. दुसऱ्या हातानेही करून पाहिलं, मगच म्हणाली, "जावा."

बाबा आले, पण माझ्यावर उपकार केल्यासारखे. "जरा मंद हा," रीळ फिरवत म्हणाले, "पण कळता." आणि काठी वाकली तेव्हा हात पुन्हा दोरीवर गेलाच. या वेळी मी तयारीत होते. त्यांनी दोरी ओढली, मी खाली वाकून सुटलेली दोरी रिळावर घेत गेले. एक रॉड आणि त्याला दोन माणसं. शेजारचा रॉडवाला पोट धरून हसत होता. बाहेर निघाली ती वीतभर तांबोशी, पण निघाली. बोट मी चार वेळा उलटसुलट करून पाहिलं, ओरखडासुद्धा नव्हता. तरी पुढच्या रविवारी बाबा येतील की नाही, मला कळेना.

त्या बुधवारी मी ऑफिसात साहेबांसमोर कागद घेऊन बसले होते आणि फोन वाजला. बाबांचा. ते कधी ऑफिसच्या वेळेत फोन करत नाहीत, मी कागद बाजूला सारून तो घाईने उचलला.

"गो, ते रबराचे मासे खंय गावतत?"

मागे वारा घोंघावत होता.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"खाडीर. सगळे मुळांत अडकान गेले. येताना घेवन ये. पाणी अजून भरता हा."

एकटे का गेलात, गोळी घेतली का, खाल्लंय का, असं सगळं एकदम ओरडायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी फोन ठेवूनही दिला होता.

साहेबांनी विचारलं, "काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"बाबा घरी नाहीत," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना.