नेहाच्या लग्नात मावशीची मंगलाष्टकं

मंडळी, आज गुडगावात मैत्रिणीच्या, म्हणजे नेहाच्या लग्नात आवाज भरून वाजवणाऱ्या माझ्या जुन्या सॅम्पलरने मैदान मारलं.

तिच्या मावशीला पुण्याहून येणं जमलं नाही, म्हणून तिच्या आवाजातली मंगलाष्टकं मी सॅम्पलरमध्ये भरून आणली होती. ती वाजत असतानाच गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "मुहूर्ताला वेळ आहे, जरा लांबवा."

बिल्कुल. मी शेवटचं कडवं ताणून दुप्पट लांब केलं. सूर हलला नाही, पण इतकं ताणलं की या मशीनवर आवाज थरथरतोच.

"ताईला भरून आलंय," म्हणत नेहाची आई रडायला लागली. मग अर्धा हॉल.

आत्ता मावशीचा फोन आला. "रेकॉर्डिंगच्या वेळी रडू कसंबसं गिळलं होतं रे. तरी ऐकू आलं?"

मी "हो" म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?