टीव्हीकडे पाठ केलेली खुर्ची

संगीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी इथं अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या एका दुकानात दूध घेत होतो. "भाऊजी, मिलिंद गेला हो..." एवढंच म्हणाल्या. महिना होऊन गेला. पण लिहायला बसलो की दुःखाच्याही आधी वर येतो तो मत्सर. मिलिंद माझा जवळचा मित्र, आणि मी जळत होतो ते आम्ही दोघंही कधी न भेटलेल्या एका माणसावर.

तो अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा. वर्णभेदाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी त्यानं गुडघा टेकला आणि नंतर त्याला कुठल्याच टीमनं घेतलं नाही. दर रविवारी आम्ही चार मित्र मिलिंदकडे तर्री-पोहे खात मॅच बघायचो. त्या सीझनपासून मिलिंदनं आपली खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ केली. त्या खेळाडूला काम मिळेपर्यंत मॅच बघणार नाही, म्हणाला. पोहे मात्र स्वतः वाढायचा आणि आमच्या चेहऱ्यांवरून स्कोअर ओळखायचा.

"वय झालं यार त्याचं. का घ्यावं कुणी?" मी मुद्दाम खोड काढायचो.

"नका घेऊ. पण ट्रायल तर घ्या. कमी पडला तर काढा ना. न बघताच बाद करतात, ते मला माहितीये."

आडनाव ऐकून बदलणारे चेहरे मिलिंदनं नागपुरात लहानपणापासून पाहिले होते. त्याचं म्हणणं मला पटायचं, तरी जळायचो. माझी नोकरी गेली, व्हिसा टांगणीला लागला, तेव्हा हाच मिलिंद "मिळेल रे, तुझं काय अडतंय" म्हणाला आणि माझ्या पोह्यांवर तर्री ओतायला लागला. माझ्यासाठी त्यानं कधी खुर्ची फिरवली नाही. शोकसभेत त्याची मुलगी म्हणाली, "बाबा नेव्हर गेव्ह अप ऑन हिम." तिथंही तोच. माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि ते मला लागलं.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. पोहे होते, टीव्ही बंद होता. खुर्ची तशीच.

"सरळ करायला हात होत नाही," वहिनी म्हणाल्या.

मी सोफ्याच्या कोपऱ्यात, माझ्या नेहमीच्या जागी बसलो... आणि रिकामी खुर्ची बरोबर माझ्यासमोर आली. माझी नोकरी गेली त्या हिवाळ्यातही तो रविवारचे रविवार इथंच, माझ्याकडे तोंड करून बसला होता. मी त्याच्या डोक्यावरून टीव्ही बघत होतो.